ट्रक पुलिंगचा हिच: जाडी वाढवूनही का वाकतो? या चुका टाळा

ट्रक पुलिंग म्हणजे ट्रकला वजनदार स्लेड (घसरगाडी) जोडून ती जास्तीत जास्त लांब ओढण्याची स्पर्धा, आणि स्लेड अडकवायला ट्रकच्या मागे जोडलेला सांगाडा म्हणजे हिच. हा हिच वाकला की बहुतेक जण त्यावर आणखी एक जाड पट्टी वेल्ड करतात. पुढच्या खेचीत पट्टी शाबूत राहते आणि तिच्या शेजारचा चॅसीचा पत्रा फाटतो. याचं कारण सरळ आहे. स्लेडची ओढ हूकमधून (स्लेडची साखळी जिथे अडकते त्या हिचच्या टोकातून) निघून चॅसीत पसरेपर्यंत तिच्या वाटेत प्लेट, वेल्डिंग, पिन, बोल्ट आणि पत्रा असे पाच-सहा टप्पे येतात. एकच टप्पा भक्कम केला, तर मोडतोड पुढच्या टप्प्यावर सरकते. म्हणून ग्राइंडर हातात घेण्याआधी ही वाट कागदावर काढा आणि प्रत्येक टप्प्यावर कोणतं बळ येतंय ते लिहा: ताण, दाब, वाक की कातर (कात्रीसारखं कापणारं बळ).

उंची नुसती 'जास्तीत जास्त' धरणं

स्पर्धेच्या बऱ्याच क्लासमध्ये (गटांत) हूकच्या जागेची कमाल उंची २६ इंच असते. तुमच्या क्लासचा आकडा मात्र आयोजकांच्या नियमपुस्तकातूनच घ्या. मागच्या ॲक्सलच्या मध्यापासून हूक किती मागे हवा आणि हिच कुठे जोडायचा, यालाही मर्यादा असते. हिच ॲक्सलच्या मध्यरेषेच्या वर जोडायला बहुतेक ठिकाणी मनाई आहे.

उंची वाढली की मागच्या चाकांवर भार वाढतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो भार पुढच्या चाकांवरून येतो, याचा हिशेब मात्र क्वचितच कुणी मांडतो. ४,५०० किलोची आडवी ओढ, २६ इंच उंची आणि १४० इंच व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) धरा. ४,५०० गुणिले २६ भागिले १४० म्हणजे सुमारे ८३५ किलो भार पुढून मागे जातो. साखळी खालच्या बाजूलाही ओढत असल्याने प्रत्यक्षात पुढचा भार आणखी कमी होतो. हूक ॲक्सलपासून जितका मागे, तितकी ही घट मोठी. फोर व्हील ड्राइव्ह ट्रकची पुढची चाकं हलकी पडली तर पकड आणि स्टिअरिंग दोन्ही जातात. पुढचा भाग उचलला जात असेल तर आधी पुढे वजन वाढवा. नियमात बसत नसेल तर हूक अर्धा-अर्धा इंच खाली घेऊन पाहा.

मोजमाप सपाट फरशीवर, स्पर्धेच्या हवेच्या दाबावर, इंधन आणि वजनं चढवून, चालक आत बसलेला असतानाच घ्या. टायरची हवा कमी केली की उंची उतरते. पाटे दबले की तीच उंची खेचताना आणखी घसरते आणि फक्त उभ्या ट्रकवर मोजलेले २६ इंच खेचीत उरत नाहीत. क्लासमध्ये परवानगी असेल तर चॅसी आणि ॲक्सलमध्ये ठोकळे बसवून मागचं सस्पेन्शन खाली दबणं बंद करा. मर्यादेपेक्षा पाव इंच खाली राहिलेलं बरं. फूटपट्टी थोडी तिरपी धरली गेली म्हणून बाद व्हायची वेळ येऊ नये.

रिसीव्हरमधून उंच उभा केलेला हूक

सर्वात जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून हा हिशेब नीट पाहू. ५० मिमी चौरस भरीव सळई रिसीव्हरमध्ये, म्हणजे ट्रकच्या मागच्या चौकोनी नळीत, घातली आणि तिच्या मध्यरेषेपासून फक्त १०० मिमी उंच हूक ठेवला. ४,५०० किलो म्हणजे सुमारे ४४,००० न्यूटन. त्याला १०० मिमीने गुणलं आणि सळईच्या छेदाच्या मापांकाने, म्हणजे ५० चा घन भागिले ६ = २०,८३३ घन मिमीने भागलं, की वाकण्याचा ताण येतो सुमारे २१२ मेगापास्कल. सरळ ओढीचा १८ मिळवून २३०. साध्या माइल्ड स्टीलची सहनशक्ती साधारण २५० असते. म्हणजे चार इंचांच्या उंचीवरच मर्यादा गाठली, आणि यात झटका धरलेलाच नाही. हूक २५० मिमी उंच नेला तर ताण ५०० च्या पुढे जातो. त्या सळईचं टोक खाली वाकणारच.

इथे सळई जाड करण्यापेक्षा वाकच काढून टाकणं शहाणपणाचं. हूकच्या प्लेटपासून दोन्ही बाजूंना, हूकच्याच उंचीच्या जवळपास, पुढे चॅसीकडे जाणारे दोन आडवे आधार द्या. ओढ आली की ते ताणात काम करतात, आणि ताणातला सळीचा तुकडा वाकत नाही. मात्र हे आधार चॅसीला जिथे टेकतात ती जागा नियमात बसते का, हे आधी तपासा.

खाली जोडलेल्या ड्रॉबारमध्ये (ओढीच्या दांड्यात) हाच हिशेब वेगळ्या रूपात येतो. पुढची पिन जमिनीपासून १५ इंचांवर, हूक २६ वर आणि दोघांत ४० इंच अंतर असेल, तर ४,५०० किलोच्या ओढीने मागचं टोक खाली जाऊ पाहतं. त्याला उचलून धरणाऱ्या आधारांवर ४,५०० × ११ ÷ ४० = सुमारे १,२४० किलो ताण येतो. साखळीची खालची ओढ वेगळी. हे पाहून लोक बारीक रॉड लावतात. पण ट्रक उसळ्या मारू लागला की तोच रॉड क्षणभर दाबात जातो, धनुष्यासारखा वाकतो आणि पुढच्या झटक्याला तुटतो. त्यामुळे आधार पाइपचे घ्या आणि आखूड ठेवा. हिच कुठल्याही दिशेला हलता कामा नये, असा नियमही बहुतेक ठिकाणी असतोच.

पट्टी आडवी बसवणं. ५० × २५ मिमीची पट्टी उभी बसवली तर आडवीच्या दुप्पट वाक सहन करते. लोखंड तेवढंच, वजन तेवढंच.

वेल्डिंगच्या चुका

२५ मिमी जाड प्लेटच्या कडा न उतरवता वरून एक जाडजूड थर मारला, तर दिसायला सुंदर पण आत पोकळ असा जोड मिळतो. दोन्ही बाजूंनी व्ही काढा, मुळाशी दोन-तीन मिमी फट ठेवा, पहिला थर मुळापर्यंत उतरवा आणि प्रत्येक थरानंतर स्लॅग (वर जमलेला मळीचा खपला) पूर्ण काढा. ७०१८ इलेक्ट्रोड (वेल्डिंगची काडी) वापरत असाल तर तो ओव्हनमधून काढलेला, कोरडाच हवा. दमट इलेक्ट्रोडमधून हायड्रोजन धातूत शिरतो आणि तडा कधी कधी दुसऱ्या दिवशी दिसतो. थंड जाड प्लेटवर थेट वेल्डिंग सुरू करू नका. ४१३० क्रोमोलीचा (क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाचा) जाड भाग १५० ते २०० अंशांपर्यंत तापवून घ्या आणि नंतर सावकाश निवू द्या. पाणी ओतू नका.

तडा जवळजवळ नेहमी वेल्डिंगच्या कडेला सुरू होतो, जिथे थर संपून मूळ धातू लागतो. तिथे अंडरकटची, म्हणजे वेल्डिंगने मूळ धातू खाल्ल्याची, खाच असेल तर तडा तिथूनच निघतो. गसेटचं (कोपऱ्यातल्या तिकोनी आधारपट्टीचं) टोक टोकदार सोडू नका: टोक बोथट कापा आणि वेल्डिंग टोकाला वळसा घालून पुढे न्या.

चॅसीच्या सी-चॅनेलवर उभं, सरळ वरून खाली वेल्डिंग करणं ही तर फार महागात पडणारी चूक. ती रेघ म्हणजे तुटायची आखलेली जागा. जोडपट्टीची टोकं तिरपी कापा आणि वरच्या-खालच्या फ्लँजच्या (चॅनेलच्या आडव्या पट्ट्यांच्या) कडेपर्यंत वेल्डिंग नेऊ नका. बऱ्याच मध्यम आणि जड ट्रकांची चॅसी उष्णता-प्रक्रिया केलेल्या पोलादाची असते. वेल्डिंगच्या उष्णतेने तेवढा भाग नरम पडतो. तिथे बोल्टच वापरा आणि भोकं फ्लँजमध्ये न पाडता उभ्या वेबमध्ये (दोन फ्लँजमधल्या भिंतीत) पाडा.

बोल्ट सतत सैल होतात?

बहुतेक वेळा बोल्ट दोषी नसतो, खालची बैठक दोषी असते. जोडाच्या पृष्ठभागांवर रंगाचा जाड थर असेल तर तो चिरडतो आणि आवळण निघून जाते. रंग खरवडून काढा. चॅसी बंद पेटीसारखी असेल तर बोल्ट आवळताना पत्रा आत दबतो; आत नेमक्या लांबीचा पाइपचा तुकडा घालून त्यातून बोल्ट न्या. १६ मिमी बोल्टला साडेसतरापेक्षा मोठं भोक नको. १०.९ ग्रेडचा बोल्ट घ्या, खाली कडक वॉशर टाका आणि टॉर्क रेंचनेच आवळा. कातर जिथे बसते तिथे आटे येऊ देऊ नका: १६ मिमी बोल्टचा साध्या दांड्याचा छेद २०१ चौ. मिमी, आट्यांचा १५७. पाचव्या भागाहून जास्त ताकद तिथेच जाते.

रिसीव्हरच्या पिनचंही असंच. १६ मिमी पिन दोन ठिकाणी कातरली जाते, त्यामुळे ती सहसा टिकते. पण ६ मिमी जाडीच्या नळीतलं भोक लांबट होतं, मग पिन खुळखुळते आणि प्रत्येक झटका हातोड्यासारखा बसतो. भोकाभोवती बाहेरून जाड रिंग वेल्ड करून नेमक्या मापात पुन्हा भोक पाडा. नुसती जाड पिन घालून हे सुटत नाही.

ट्रक एका बाजूला ओढला जातो

टायर आणि डिफरन्शियल पाहण्याआधी हूक मध्यावर आहे का ते पाहा. पुढच्या पाट्यांच्या डाव्या-उजव्या पिनांपासून ओळंबा सोडून फरशीवर खुणा करा आणि तिथून हूकच्या मध्यापर्यंतची दोन्ही अंतरं मोजा. दोन्ही सारखी यायला हवीत. वेल्डिंग निवताना धातू ओढला जातो, म्हणून ही मोजणी टॅक (तात्पुरते वेल्डिंगचे ठिपके) मारल्यावर आणि पूर्ण वेल्डिंगनंतर, दोनदा करा.

हूकचं भोक बऱ्याच ठिकाणी किमान ३ × ३¾ इंच लागतं. त्याच्या कडा गोल करा. धारदार कडेवर स्लेडच्या साखळीचा हूक एका रेषेवर टेकतो. ट्रेलरचा बॉल या कामात कधीही वापरू नका. तो तुटला तर गोळ्यासारखा सुटतो. आणि इंजिन तातडीने बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी हिचच्या आधारात अडकणार नाही, हे ट्रक पूर्ण तयार झाल्यावर हाताने ओढून बघा.

हिचला फिका रंग द्या, तडे त्यावर लगेच दिसतात. प्रत्येक खेचीनंतर हूकची उंची आणि मध्य पुन्हा मोजा. दोन-तीन मिमी फरक पडला असेल तर धातू कुठेतरी कायमचा वाकलाय. रंगाचे पापुद्रे उडालेली जागा, गंजाची बारीक तांबूस रेघ आणि बोल्टच्या डोक्याभोवतीची चकचकीत कडा शोधा. शंका आली तर डाय पेनेट्रंट (तड्यात शिरणारा रंग) मारा: आधी जागा स्वच्छ पुसा, लाल रंग फवारून दहा मिनिटं थांबा, पुसून टाका आणि वर पांढरा डेव्हलपर मारा. लाल रेघ उमटली तर वरून थर चढवू नका. तडा टोकापर्यंत ग्राइंड करून काढा, पुन्हा डाय मारून खात्री करा आणि मगच भरा.