स्लॉट मिळाला, आता झोप येत नाही

मे-जून लागला की माझ्या फोनची रिंग वाढते. कोणी चोपड्याचं, कोणी धरणगावचं, कोणी शिरपूरचं, मधूनच एखादी नंदुरबारची मुलगी. ऑगस्टमध्ये अमेरिकेला शिकायला निघालेली पोरं, व्हिसा इंटरव्ह्यूची तारीख म्हणजे 'स्लॉट' हातात आलेली. सुरुवात सगळ्यांची सारखी: "ताई, स्लॉट मिळाला, पण पोटात गोळा येतो." कशाची भीती वाटते विचारलं तर उत्तर ठरलेलं, "इंग्लिशची." अजून पाच मिनिटं बोलू दिलं की खरं बाहेर येतं. घरच्यांनी जमीन तारण ठेवली आहे. काकांनी गावभर सांगून टाकलं आहे. कन्सल्टन्सीने जी उत्तरं पाठ करायला दिली ती तोंडात बसत नाहीत.

मी रावेर तालुक्यातली. इंजिनिअरिंग जळगावात, एमएस अमेरिकेत, आता पुण्यात नोकरी. स्वतःच्या वेळी माझीही हीच गत होती, आणि नंतर बऱ्याच पोरांचे मॉक इंटरव्ह्यू घेतले. लिहितेय ते एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसाबद्दल आणि मुंबईच्या कॉन्सुलेटबद्दल, म्हणजे वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्समधल्या.

आधी तिथे काय होतं ते नीट समजून घ्या. आपल्या डोक्यात इंटरव्ह्यू म्हणजे टेबल, पलीकडे तीन साहेब, अलीकडे एक खुर्ची. इथे खुर्ची नाहीच. बँकेतल्या कॅशियरसारखी काच, माइक, पलीकडे एक ऑफिसर आणि अलीकडे तुम्ही उभे. तुमचा डीएस-१६० फॉर्म, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, त्याच्या स्क्रीनवर आधीच उघडा असतो. पासपोर्ट आणि आय-२० म्हणजे युनिव्हर्सिटीने प्रवेशाचा दिलेला फॉर्म मागतो, बोटांचे ठसे जुळवतो, चार-पाच प्रश्न विचारतो आणि बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत विषय संपतो. छातीशी धरून नेलेली जाडजूड फाइल कित्येकदा उघडलीच जात नाही. एवढ्यासाठी १८५ डॉलर व्हिसा फी आणि वर ३५० डॉलर सेविस म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची फी, असं म्हणून राग येतो खरा. पण याचा अर्थ असा की वजन कागदांपेक्षा तोंडून निघणाऱ्या पहिल्या दोन-तीन वाक्यांवर जास्त असतं.

दुसरं, समोरचा माणूस आपल्यावर खार खाऊन बसला आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं काही नसतं. अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात २१४(बी) नावाचं कलम आहे. येणारा प्रत्येक जण तिकडे कायमचा राहायला निघाला आहे असं ते कलमच गृहीत धरतं, आणि आपलं तसं नाही हे पटवून देणं अर्जदाराच्या अंगावर टाकतं. म्हणून प्रश्न फिरून फिरून तीनच गोष्टींवर येतात: खरंच शिकायला चाललात का, पैसे कुठून येणार, आणि शिकून झाल्यावर परत येण्यासारखं मागे काय आहे.

त्यातला मधला प्रश्न आपल्याकडे गळ्यात अडकतो, आणि माझ्या मते खान्देशातल्या पोरांची निम्मी भीती तिथेच असते.

शहरातल्या मुलाला सोपं जातं. वडील अमुक कंपनीत, पगार इतका, हा फॉर्म १६. आपल्याकडे केळी. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे रिटर्नमध्ये आकडा लहान दिसतो, नाहीतर रिटर्नच नसतो. भाव रोज बदलतो. जूनच्या वादळात बाग आडवी झाली की वर्षाचं गणित एका संध्याकाळी विस्कटतं. कापूसवाल्यांचं वेगळं रडगाणं. आणि यातलं काहीच पोराला धड माहीत नसतं, कारण आपल्या घरांत पैशाचं बोलणं पोरांसमोर होत नाही. डोक्यावर कर्ज किती आहे हे आप्पा म्हणजे वडील कधीकधी आईलाही सांगत नाहीत. मग परक्या देशाचा माणूस काचेपलीकडून विचारतो, "वडील काय करतात, वर्षाला किती मिळतं?" आणि इंग्रजी चांगलं असलेलं पोरगंही अडखळतं. दोष इंग्रजीला लागतो.

म्हणून शब्द पाठ करण्याआधी एक संध्याकाळ वडिलांजवळ बसा. सातबारा समोर घ्या. किती एकर, त्यात मृगबाग म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड किती आणि कांदेबाग म्हणजे पावसाळ्यानंतरची किती, मागच्या साली किती माल गेला, व्यापाऱ्याने पैसे खात्यावर टाकले की रोख दिले, सोसायटीचं पीककर्ज किती, एज्युकेशन लोन किती मंजूर झालं, तारण काय दिलं. सगळं विचारा. आप्पा आधी "तुला काय करायचं त्याचं" म्हणतील. विचारत राहा.

आमच्याकडे ही बैठक ओट्यावर झाली. आप्पांनी कपाटातून एक जुनी डायरी काढली. प्रत्येक कटाईची तारीख, घड किती, वजन किती, भाव काय, आणि शेवटच्या रकान्यात 'जमा' किंवा 'बाकी'. जिथे बाकी तिथे लाल पेनाने गोल. काही गोल अनेक वर्षं तसेच होते. व्यापारी गायब, पैसे बुडीत. मी इंजिनिअर होईपर्यंत ती डायरी पाहिलेलीच नव्हती. माझी बारावीची फी, हॉस्टेलचे पैसे, सगळं त्या रकान्यांतून निघालेलं.

त्यातून माझं उत्तर तयार झालं ते तीन वाक्यांचं. वडील शेतकरी आहेत, आमची केळीची बाग आहे. पहिल्या वर्षाच्या खर्चासाठी बँकेचं कर्ज मंजूर आहे, वरचं घरच्या बचतीतून. मोठा भाऊ वडिलांसोबत शेती बघतो. ऑफिसर बाईंनी मान वर केली आणि विचारलं, केळीचं पीक वर्षातून किती वेळा निघतं? हा प्रश्न कोणत्याच कन्सल्टन्सीच्या शीटवर नव्हता. मी सांगितलं, लागवडीनंतर साधारण वर्षाने घड निघतो, मग त्याच्याच बुडाशी फुटलेल्या पिलापासून दुसरं पीक घेतो. तोवर माझ्या गुडघ्यांत पाणी होतं. त्या वाक्यानंतर आवाज ठिकाणावर आला.

'फंड दाखवून देतो' म्हणणारे लोक तुम्हाला भेटतील. काही दिवसांपुरती खात्यात रक्कम फिरवून देतात, त्याचं कमिशन घेतात. लांब राहा. मुद्दाम खोटी माहिती दिली असं ठरलं तर अमेरिकेच्या कायद्यात कायमची प्रवेशबंदी लागू शकते. त्यापुढे २१४(बी)चा नकार म्हणजे किरकोळ. शिवाय ज्या पैशाचा हिशोब आपल्यालाच ठाऊक नाही त्याबद्दल बोलताना घाम फुटणारच, त्याला कोणता श्वासोच्छ्वास पुरणार?

युनिव्हर्सिटी का निवडली, यावर 'जागतिक दर्जाचे प्राध्यापक आणि अत्याधुनिक प्रयोगशाळा' हे उत्तर कृपा करून सोडा. समोरचा माणूस ते दिवसभर ऐकतो. तो मध्येच तोडतो, आणि पाठ केलेलं वाक्य तुटलं की पुढची सगळी साखळी जाते. कोर्समधले दोन विषय, आणि तुमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टशी त्यांचा काय संबंध, एवढं स्वतःच्या शब्दांत सांगता आलं की पुरे. सरावही बसून करू नका. उभे राहा, मित्राला बंद खिडकीच्या पलीकडे उभं करा, घरात टीव्ही चालू ठेवा आणि त्याला तुम्हाला मध्येच तोडायला सांगा. तिथे आजूबाजूच्या खिडक्यांवरही बोलणी चालू असतात, माइकचा आवाज फुटतो. आपला आवाज मुळात मोठा, दोन बांध पलीकडच्या माणसाशी बोलून बोलून झालेला. कॉलेजात त्याची लाज वाटते, काचेसमोर तो कामाला येतो.

मराठी माध्यमातून आलात म्हणून काळजी करत असाल तर एवढंच सांगते: व्याकरण चुकलं म्हणून व्हिसा नाकारल्याचं मी तरी पाहिलं नाही. प्रश्न न कळता भलतंच उत्तर दिलं तर मात्र अडचण होते. नाही कळलं तर सरळ पुन्हा विचारा, त्याने काही बिघडत नाही. कानाला सवय म्हणून तुमच्याच युनिव्हर्सिटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स रोज थोडी ऐका.

आता शेवटचा आठवडा. टेलिग्रामचे व्हिसा ग्रुप सोडा. निदान म्यूट करा. "आज अमुक खिडकीवरची मॅडम सगळ्यांना उडवतेय" असे मेसेज वाचून रात्री दोनला मला फोन करणारे खूप आहेत. खिडकी आपण निवडत नाही, मग त्या माहितीचं करायचं काय? जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना सोशल मीडियाची खाती पब्लिक ठेवायला सांगितलं आहे, आणि डीएस-१६० मध्ये मागच्या पाच वर्षांतल्या खात्यांची नावं द्यावी लागतात. हे काम फॉर्म भरतानाच उरका. आदल्या रात्री स्वतःच्या जुन्या पोस्ट खोदत बसणारा माणूस झोपत नाही.

फोनपेक्षा त्रासदायक म्हणजे नातेवाईक. आपल्याकडे व्हिसाची तारीख लग्नाच्या तारखेसारखी फिरते. फैजपूरच्या आत्यापासून सुरतच्या मामापर्यंत सगळ्यांना ठाऊक, आणि त्या दिवशी दुपारी बारापासून "काय व्हयनं रे भो?" म्हणजे काय झालं रे भाऊ, सुरू. तारीख घरातल्या माणसांपुरती ठेवा. बाकीच्यांना "याच महिन्यात आहे" सांगा; ते खोटंही नाही.

मुंबईला आदल्या दिवशी पोचा. बायोमेट्रिकची अपॉइंटमेंट वेगळी, तिचं केंद्रही कॉन्सुलेटपासून वेगळं, ती आधी होते, त्यामुळे मुक्काम तसाही पडतो. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारच्या लोकांना खान्देश एक्सप्रेस थेट वांद्रे टर्मिनसला सोडते, पण ती रोज नाही. जळगाव-भुसावळवाल्यांना रात्रीच्या गाड्या आहेत, पहाटे कल्याणला उतरवतात. मात्र त्याच पहाटे उतरून इंटरव्ह्यूला जायचा हिशोब करू नका. स्लॉट पावसाळ्यात असतात आणि लोकलचं पावसात काही खरं नसतं. कल्याण-डोंबिवलीत आपली माणसं आहेतच. मावशी प्रेमाने शेवभाजी करेल, लाल तर्री पाहून जीवही जाईल. त्या रात्री वरण-भात मागा, मावशी रागावली तरी चालेल. सकाळी थोडं खाऊन निघा. रिकाम्या पोटी चहावर चहा झाला की धडधड वाढते आणि रांगेत बाथरूम आठवत राहतं.

मोबाइल, स्मार्टवॉच, लॅपटॉप आत चालत नाहीत. सोबत कोणी असेल तर त्याच्याकडे द्या, नाहीतर बाहेर पैसे घेऊन सामान ठेवणारे आहेत. अपॉइंटमेंटचं पत्र आणि डीएस-१६० चं कन्फर्मेशन प्रिंट करून न्या आणि दोन्हींवरचा नंबर एकच आहे ना ते घरीच तपासा. दिलेल्या वेळेच्या दोन तास आधी जाऊन फूटपाथवर उभं राहण्यात काही फायदा नाही. आत वेळेनुसारच घेतात, तोवर बाहेरची गर्दी तुम्हाला नव्या अफवा ऐकवते. आप्पा सोबत असतील तर त्यांना सावलीत कुठेतरी बसवून जा, नाहीतर अर्धं लक्ष बाहेरच राहतं.

रांगेत हात थरथरले, तळवे ओले झाले तर घाबरून आणखी घाबरू नका. ते अॅड्रेनलिनचं काम आहे, ऑफिसरला अशी माणसं रोज दिसतात. रुमाल खिशात ठेवा. ठसे द्यायच्या आधी बोटं पुसायला तो लागतोच. श्वास चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर. बाहेर सोडणं लांबवलं की हृदयाची गती खाली येते, आणि रांगेत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अॅलिसन वुड ब्रुक्स यांचा २०१४ चा एक अभ्यास मला पटला: भाषणाआधी किंवा गणिताच्या परीक्षेआधी 'शांत राहा' असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा 'मला उत्साह वाटतोय' असं म्हणणाऱ्यांचं काम जास्त चांगलं झालं. धडधडणाऱ्या छातीला शांत हो म्हटल्यावर ती ऐकत नाही, हे आपल्यालाही माहीत आहे. तुमच्या पुढच्या मुलाला नकार मिळताना दिसेल. बघू नका असं सांगून उपयोग नाही, दिसतंच. त्याची फाइल वेगळी, घर वेगळं, कोर्स वेगळा. नंबर आला की पुढे व्हा आणि "गुड मॉर्निंग" मोठ्याने म्हणा. पहिला शब्द बाहेर पडला की घसा मोकळा होतो.

निकाल तिथेच कळतो. पासपोर्ट ठेवून घेतला तर साधारणपणे मंजूर. २१४(बी)चा कागद आणि पासपोर्ट हातात आला तर नकार. त्यावर अपील नसतं, पण नवी व्हिसा फी भरून पुन्हा अर्ज करता येतो, काही वर्षं थांबायचं बंधन नाही. मात्र उत्तरांत किंवा परिस्थितीत काही बदल न करता आठवडाभरात परत जाण्यात मला अर्थ वाटत नाही. तिसरी शक्यता २२१(जी): कागद कमी आहेत किंवा तपासणी बाकी आहे. मागितलेलं द्या आणि वाट पाहा, तो शेवटचा नकार नव्हे. या तिन्ही वेळी घरी काय सांगायचं हे आधीच आप्पांशी बोलून ठेवा. "नाही झालं तर डिसेंबरचं बघू, जमीन कुठे जात नाही," हे त्यांच्या तोंडून आधीच ऐकलेली पोरं काचेसमोर फार वेगळी उभी राहतात.

पासपोर्ट परत आला की पेढे वाटण्याआधी व्हिसावरचं नाव, जन्मतारीख आणि सेविस नंबर आय-२० शी ताडून पाहा. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये येतं, तिथे स्पेलिंग हमखास बघा. चूक दिसली तर लगेच कळवा. तिकीट त्यानंतर काढा, आणि कोर्स सुरू होण्याच्या ३० दिवसांपेक्षा आधी तिथे उतरता येत नाही हे धरूनच तारीख घ्या.