अमेरिकेतल्या विशेष मुलांच्या पालकांसाठी मराठी गट कसा उभारावा

मराठी मंडळात असं काही सुरू करायचं म्हटलं की पहिली सूचना तज्ज्ञाच्या व्याख्यानाची येते. हॉल भरतो, पण ज्यांच्यासाठी घाट घातला ती कुटुंबं फिरकत नाहीत. चारचौघांत मुलाचं निदान उघड होण्याची धास्ती असते. म्हणून सुरुवात फोनवरून करा.

पाच-सहा घरांशी वेगवेगळं बोला: काय अडतं, कुठली वेळ जमते, घरात शेवटचा शब्द कोणाचा. त्यातल्या दोन आयांना आखणीत घ्या, सत्रंही त्यांनाच घेऊ द्या आणि मानधन द्या. संशोधक सँड्रा मगान्या यांचा अमेरिकेतल्या लॅटिनो कुटुंबांसाठीचा 'पॅरेंट्स टेकिंग अ‍ॅक्शन' हा उपक्रम असाच उभा राहिला. ऑटिझम असलेल्या मुलांच्या आयाच इतर आयांना स्पॅनिशमधून शिकवतात. त्याचं नुसतं भाषांतर मात्र आपल्याला पुरणार नाही. आपल्याकडे "याचा बाबाही उशिराच बोलला" म्हणणारी आजी सहा महिन्यांसाठी आलेली असते आणि मूल दिवसभर तिच्यापाशी. एक सत्र आजी-आजोबांसाठीच ठेवा, ते परत जायच्या आत. "घरी फक्त इंग्रजीच बोला" हा सल्लाही बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. दोन भाषांमुळे अशा मुलांचं बोलणं मागे पडतं, याला संशोधनाचा आधार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका.

गट सहा ते आठ कुटुंबांचा, सत्र दीड तासाचं. शेजारच्या खोलीत दोन मुलांमागे एक सांभाळणारं माणूस हवंच. नाहीतर आई-बाबांपैकी एकच येतो आणि घरी जाऊन दुसऱ्याला पटवत बसतो.

शाळेच्या कागदांना निदान दोन सत्रं द्या. तीन वर्षांखालच्या मुलासाठी राज्याची 'अर्ली इंटरव्हेन्शन' (लहान वयातच मदत देणारी) सेवा, पुढे स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे आपल्या भागातल्या सरकारी शाळांचा कारभार पाहणारी यंत्रणा. मुलाला विशेष शिक्षणाची गरज आहे का, या मूल्यमापनाची मागणी शाळेकडे तोंडी नको. सत्रातच प्रत्येकाला ईमेल लिहून पाठवायला लावा. राज्याची वेगळी मुदत नसेल तर केंद्रीय कायद्याने शाळेला मूल्यमापनासाठी 60 दिवस मिळतात, पण ते मोजायचे शाळेने पाठवलेल्या संमतीपत्रावर पालकांनी सही केल्यापासून, ईमेलपासून नव्हे. इथेच बहुतेकांची गफलत होते: फॉर्म दप्तरात पडून राहतो आणि पालक शाळेच्या नावाने बोटं मोडतात.

आयईपी (मुलासाठी शाळेने आखायची वैयक्तिक शिक्षण योजना) बैठकीला लागेल तर दुभाषा शाळेनेच विनामूल्य द्यायचा असतो. तारीख नक्की करतानाच तो लेखी मागा. मोठ्या बहिणीला या कामाला जुंपू नका. मंडळातला ओळखीचाही नको. बातमी गणपतीच्या आरतीपर्यंत पोचते.

हजेरीपट फार मनावर घेऊ नका. तीन महिन्यांनी प्रत्येक घरी फोन करून विचारा: ईमेल गेला का, सही झाली का, शाळेचं उत्तर कोणत्या तारखेला आलं?