मुलाकडे युरोपात जाताय? म्युझियम आणि जुनी चर्च पाहण्याची तयारी

शेतातला हंगाम संपून उलंगवाडी झाली की हात मोकळे होतात. मुलगा जर्मनीत किंवा मुलगी फ्रान्समध्ये असेल, तर गावाकडच्या आईवडिलांना मार्च ते मे हाच काळ सोयीचा, कारण मृगाच्या आत परतायचे असते. तिथे गेल्यावर म्युझियम आणि चर्च पाहणे आलेच. दोन्हींत पायपीट फार. दिवसाला मोठे ठिकाण एकच धरा.

बंदचा वार आधी पाहा. पॅरिसचे लूव्र मंगळवारी बंद, तिथलेच ओर्से सोमवारी, फ्लोरेन्सचे उफिझीही सोमवारी. व्हॅटिकनची म्युझियम रविवारी बंद असतात. फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती सहसा उघडी आणि फुकट असतात, पण ती रांग पाहिली की पैसे देणेच परवडते.

तिकिटावर वेळ छापलेली असते. अर्धा तास आधी पोचा, तपासणीतच वेळ जातो. मिलानमधले दा विंचीचे शेवटच्या भोजनाचे भित्तिचित्र पाहायचे असेल, तर बुकिंग दोन-तीन महिने आधी करा. १४९५ ते १४९८ या काळातले हे चित्र त्याने कोरड्या भिंतीवर काढले, त्यामुळे रंग लवकरच सुटू लागला. श्वासातली वाफ आणि धूळही त्याला सोसत नाही, म्हणून थोड्याच लोकांना, तेही पंधरा मिनिटांसाठी, आत सोडतात. तिकिटावरचे नाव पासपोर्टप्रमाणे हवे, घरी हाक मारतात ते नाही.

लूव्रमध्ये ५५ × ३५ × २० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग आत घेत नाहीत. चिवड्याची पिशवी चालते, पण दालनात खायचे नाही. पासपोर्ट आणि पैसे बंडीच्या आतल्या खिशात ठेवा. गर्दीत खिसेकापू असतात, विशेषतः मोनालिसासमोर. ते चित्र जेमतेम ७७ × ५३ सेंटिमीटरचे, काचेमागे, समोर मोबाइलांची भिंत. एकदा पाहून मागे वळा. समोरच्या भिंतीवर व्हेरोनेसेचे जवळपास दहा मीटर रुंद लग्नाच्या पंगतीचे चित्र आहे, आणि त्याच्यापुढे निवांत उभे राहता येते.

पाहायची पद्धत सोपी. नकाशावर आठ-दहाच कलाकृती निवडा. चित्राच्या रुंदीइतके मागे उभे राहून आधी सगळे पाहा, मग जवळ जा. बोटाने दाखवायची आपली सवय तेवढी आवरा. हात चित्राजवळ गेला की काही ठिकाणी अलार्म वाजतो आणि पहारेकरी येतो. फ्लॅश सगळीकडे बंद ठेवा. व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपेलमध्ये, जिथे छतभर चित्रे आहेत, तर फोटोच काढू देत नाहीत. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचे छत पाहताना मान दुखते, तशी इथेही दुखते, म्हणून भिंतीकडेच्या बाकावर जागा मिळाली की लगेच बसा.

चर्चमध्ये चपला काढायच्या नाहीत. पुरुषांनी टोपी काढायची. बाईच्या डोक्यावरचा पदर चालतो. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. लुगड्याला कोणी अडवत नाही, अडवतात ते हाफ पॅंट घातलेल्या पोराला.

जुन्या चर्चची वेदी बहुधा पूर्वेला, मुख्य दार पश्चिमेला. म्हणून वेदीमागच्या रंगीत काचा सकाळी खुलतात आणि दारावरची गोल खिडकी दुपारनंतर. पॅरिसच्या सेंट-शापेलमध्ये अशा १५ उंच खिडक्या आहेत. तिथे उन्हाचाच दिवस निवडा, ढगाळ दिवशी काचा विझल्यासारख्या दिसतात. इटलीत अंधाऱ्या कोपऱ्यातल्या चित्रांजवळ नाण्याची पेटी असते. नाणे टाकले की थोडा वेळ दिवा पेटतो. रोममधल्या सान लुईजी देई फ्रांचेझी चर्चमधली काराव्हाज्जोची चित्रे अशीच पाहावी लागतात, म्हणून अर्ध्या आणि एका युरोची सुटी नाणी जवळ ठेवा. इटलीतली बरीच चर्च दुपारी काही तास बंद असतात.

प्रार्थना चालू असेल तर मागे शांत बसा. धर्मगुरू देतात ती पातळ चकती प्रसाद समजून घ्यायला पुढे जाऊ नका, ती त्यांच्या संस्कारातली गोष्ट आहे. मेणबत्ती मात्र कोणीही लावू शकतो. आधी पेटीत पैसे टाकायचे.

मनोरा चढायचा असेल तर पायऱ्या आधी विचारा. जर्मनीतल्या कोलोनच्या कॅथेड्रलला (मोठ्या चर्चला) ५३३ आहेत, लिफ्ट नाही, जिना गोल आणि अरुंद. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पिशव्या सांभाळत खालीच बसावे.