बॉडीबिल्डर खेळाडू की नुसता देखावा? गोव्यात सुरुवात करणाऱ्यांसाठी

मंचावर कोणी धावत नाही, वजन उचलत नाही, मग हा खेळाडू कसला, असं विचारणारे म्हापशापासून मडगावपर्यंत भेटतात. आक्षेप अगदीच पोकळ नाही, कारण इथे मेहनत दिसत नाही, तिचं फळ जोखलं जातं. पण जिम्नॅस्टिक्समध्ये तरी गुण पंचांची नजरच देते ना? ऑलिंपिकमध्ये शरीरसौष्ठव नाही. २००२ च्या बुसान आणि २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धांत मात्र होतं. केंद्राच्या नोकऱ्यांतल्या क्रीडा कोट्याच्या यादीत ते आहे, पण बराच काळ जिम्नॅस्टिक्सच्या कंसात बसवलेलं. मान्यता मिळाली ती अशी अंग चोरून. म्हणून नोकरीवर डोळा असेल तर प्रवेश फी भरण्याआधी भरतीची जाहिरात वाचा आणि कोणत्या संघटनेचं, कोणत्या पातळीवरचं प्रमाणपत्र चालतं ते बघा. किताब वाटणाऱ्या संघटना पुष्कळ आहेत.

खेळाडूपण कुठे कळतं? पोझिंगमध्ये. पुरुष गटात सात सक्तीच्या पोझ असतात आणि तुलनेसाठी पंच त्या पुन्हा पुन्हा मागतात. रोज १५-२० मिनिटं सराव ठेवा, प्रत्येक पोझ १५-२० सेकंद धरा. बॅक डबल बायसेप्समध्ये, म्हणजे पंचांकडे पाठ करून दोन्ही दंड दाखवायच्या पोझमध्ये, एक पाय मागे चवड्यावर ठेवून आधी पोटरी, मग मांडीची मागची बाजू, मग नितंब आवळायचे. हात सगळ्यात शेवटी. नवखे उलट करतात. दंड फुगवतात आणि पाय सैल सोडतात, तेच पंचांना आधी दिसतं. श्वास कोंडला की अंग थरथरतं, चेहरा लाल होतो. मंचावर आरसा नसतो, तेव्हा स्पर्धेआधीचे शेवटचे दोन आठवडे आरशाशिवायच सराव.

कटिंगला, म्हणजे स्पर्धेआधी चरबी उतरवायला, १२ ते १६ आठवडे धरा. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का घट पुरे. त्याहून घाई केली की चरबीबरोबर स्नायूही जातो. प्रथिनं किलोमागे साधारण २ ग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या मुलाला १४० ग्रॅम. बांगड्याच्या १०० ग्रॅम मांसात २० ग्रॅमच्या आसपास मिळतात. घात मासळी करत नाही, हुमणातलं (गोव्याच्या माशांच्या कालवणातलं) खोबरं करतं: १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सुमारे ३५० कॅलरी. तेव्हा मासे भाजून खा, उकड्या तांदळाचा भात मोजून वाढा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा अंडी आणि चिकन. सुक्या मासळीतलं मीठ विसरू नका.

शेवटच्या आठवड्यात पाणी तोडण्याचा सल्ला जिममध्ये फुकट मिळतो. ऐकू नका. स्नायूत तीन चतुर्थांश पाणीच असतं. ते गेलं की पंप (व्यायामानंतर स्नायूला येणारा फुगीरपणा) येत नाही, स्नायू सपाट दिसतो, वर पेटके. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पोटॅशियम बिघडून हृदयाची लय चुकू शकते. १९९२ मध्ये मोहम्मद बेनाझिझा हा व्यावसायिक बॉडीबिल्डर स्पर्धेनंतर काही तासांतच गेला.

फ्युरोसेमाइडसारख्या या गोळ्या खेळाडूंना बंदी असलेल्या औषधांच्या यादीतही आहेत. चाचणीत सापडलात तर 'पावडरीत भेसळ होती' म्हणून सहसा सुटका होत नाही. शरीरात काय गेलं याची जबाबदारी खेळाडूचीच. सप्लिमेंट सीलबंद घ्या, पावती आणि डब्यावरचा बॅच क्रमांक जपून ठेवा, आणि सर्दीचं औषध घेतानाही डॉक्टरांना स्पर्धेची तारीख सांगा.