घुमट ओतायच्या आदल्या दिवशी

कास्टेबल, म्हणजे भट्टीची उष्णता सोसणारं, पाण्यात कालवायचं काँक्रीट, एकदा कालवलं की साधारण अर्ध्या तासात हाताबाहेर जातं, उन्हात त्याहूनही लवकर. म्हणून पिझ्झा ओव्हनच्या घुमटाची ही यादी जवळजवळ सगळी आदल्या दिवशीची आहे. ओतायच्या दिवशी सकाळी गार पाण्यात माल कालवायचा आणि चढवायचा, बस्स.

आधी हिशेब. आतून ८० सेंटिमीटर व्यासाचा अर्धगोल आणि ६ सेंटिमीटर जाडी धरली तर सुमारे ७० लिटर माल लागतो. घट्ट कास्टेबल लिटरमागे दोन किलोच्या थोडं वर भरतं, म्हणजे दीडशे किलोच्या आसपास: २५ किलोच्या सहा गोण्या. दाराच्या जागेचा माल वाचेल खरा, पण तो कमानीच्या कडा जाड करण्यात जातो. वजावट करूच नका, उलट सातवी गोणी आणून ठेवा. गोणी उरली तर चालते, वरचा वीतभर घुमट उघडा राहिलेला चालत नाही. दमट होऊन गाठी धरलेली गोणी मात्र उघडून बाजूलाच ठेवा.

साचा वाळूचा करणार असाल तर वजनाचा अंदाज घ्या. एवढ्या अर्धगोलाला १३५ लिटरच्या आसपास वाळू लागते. ओली झाली की ती दोनशे किलोच्या वर जाते आणि नंतर सगळी दारातून हातानं उपसावी लागते. म्हणून पोटात विटा किंवा रिकामी खोकी रचा, पण दारातून बाहेर निघतील एवढीच. तळाच्या विटांवर आधी प्लास्टिक अंथरा, मग वाळू थापा आणि गोलाई कापलेली फळी फिरवून बघा. दाराची उंची घुमटाच्या आतल्या उंचीच्या ६३ टक्के, हा प्रचलित ठोकताळा आहे. ४० सेंटिमीटरला साधारण २५. दार फार उंच झालं तर उष्णता निसटते, फार बुटकं झालं तर धूर कोंडतो. दाराचा लाकडी साचा आजच ठोकून टाका. वाळूवर ओल्या वर्तमानपत्राचे दोन-तीन थर हवेतच, नाहीतर कोरडी वाळू मालातलं पाणी पिते आणि आतून चिकटून बसते.

घमेली, थाप्या, फावडी घासून धुवा. साध्या सिमेंटचा किंवा चुन्याचा अंश राहिला तर कास्टेबल वेळेआधीच आवळतं. पाणी मोजायला खुणा असलेलं भांडं हवं. गोणीवर लिहिलेल्या पाण्यातलं थोडं मागे ठेवून कालवा, मग मुठीएवढा गोळा वर उडवून झेला. फुटला तर पाणी कमी, बोटांतून ओघळला तर जास्त. माल जरा कोरडा वाटतो तेव्हाच हात आखडा. थोपटल्यावर त्याच्या अंगावर ओली चकाकी येते. पाणी वाढवून काम सोपं होतं आणि घुमट कच्चा. गोणीत पॉलिप्रॉपिलीनचे (एक प्रकारच्या प्लास्टिकचे) बारीक तंतू आहेत का, तेही वाचा. घुमट तापताना ते सुमारे १६० अंशांना वितळतात आणि आतल्या पाण्याच्या वाफेला वाट करून देतात. नसतील तर वेगळे आणा.

रबरी हातमोजे, चष्मा, मास्क. एक माणूस कालवायला, एक चढवायला; एकट्यानं करू नये.

६ सेंटिमीटरवर खूण केलेली तार खिशात ठेवा आणि जागोजागी टोचून जाडी बघत चला. गिलाव्यासारखे पातळ हात फिरवायचे नाहीत. तळापासून गोल फिरत, आधीच्या गोळ्यात पुढचा गोळा दाबत पूर्ण जाडीनं वर या.

झाकायला ओलं गोणपाट, त्यावर प्लास्टिक, आणि पाऊस दिसत असेल तर ताडपत्री. किमान २४ तास घुमट ओला राहू द्या. वाळू उपसायला दुसरा दिवसही जाऊ दिलेला बरा. बारीक, सुकी लाकडं जमवून ठेवा, कारण पहिले जाळ अगदी छोटे असतात आणि रोज थोडे वाढवायचे असतात. तेव्हा पाहुण्यांना त्या आठवड्यात पिझ्झ्याला बोलावून ठेवू नका.