ट्रकच्या डॅशबोर्डचा तडा मागून जोडला

फोंड्यात माझा जुना ट्रक कायम उन्हात उभा असतो. डॅशबोर्डवर मीटरपासून काचेच्या दिशेने वीतभर तडा गेला. झटपट गोंद आठवडाभर टिकला, वरून भरलेली पुट्टी रस्त्यावरच्या खड्ड्यांच्या दणक्यांनी सुटली. जीव मेटाकुटीला आला.

जमलं ते असं: आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, मग डॅशबोर्ड. तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडलं. हे चुकवू नका, नाहीतर तडा पुढे सरकतो. मागची बाजू ८० नंबर पॉलिश पेपरने घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने (तेलकटपणा काढणारं द्रव) पुसली. तिथेच फायबरग्लासची जाळी इपॉक्सीत (दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद) बसवून २४ तास ठेवली. वरची फट प्लास्टिक फिलरने भरली, २४० नंबरने घासली. शेवटी प्लास्टिक प्रायमर, मॅट काळा रंग.