पोटुशीपणात नाहीतर बाळंतपणात मन खचलं तर गोळ्यांशिवाय काय करता येतं

माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी परभणीला आलेली, लेकरू गुटगुटीत, डिंकाचे लाडू चालू, शेक-शेगडी सगळं व्यवस्थित आणि ही भिंतीकडं तोंड करून पडलेली, लेकरू रडलं तरी वळून बघेना. आई म्हणायची अशक्तपणा आहे, आम्ही पण तेच धरून बसलो, त्यात महिना गेला.

म्हणून आधी दिवस मोजा. बाळंतपणानंतर ३-४ दिवसांनी रडू येणं, चिडचिड होणं बहुतेकींना होतं आणि २ आठवड्यांत निवतं. त्याच्या पुढं गेलं किंवा पोटुशी असतानाच २ आठवडे कशात मन लागेना तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचारवाल्या डॉक्टरांना दाखवा. मनाची उदासी तपासायला एडिनबर्ग म्हणून १० प्रश्नांचा तक्ता असतो, तो भरून घ्या म्हणा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पण तपासा, ते बिघडलं तरी बाई अशीच गळून जाते.

त्रास हलका-मध्यम असेल तर समुपदेशनानं खरंच बरं वाटतं, त्याला नुसत्या गप्पा समजू नका. बहिणीला समुपदेशन करणाऱ्या ताईंनी वही लिहायला लावली, डाव्या बाजूला काय केलं, उजवीकडं मनाला १० पैकी मार्क. "केस धुतले ४. ओट्यावर बसून चहा पिला ५. दिवसभर पडून १." दोन पानं भरल्यावर तिचं तिलाच दिसलं की पडून राहिलं की मन अजून खाली जातंय. मग रोज एकच बारकं काम ठरवायचं आणि मन होवो न होवो ते करायचंच, मन मागून येतं. "मी आई म्हणून नालायक आहे" असं आलं की त्याच्यासमोर त्या दिवशी खरं काय घडलं ते लिहायचं, तिनं लिहिलेलं, "आज ९ वेळा पाजलं." आणि मुलगी झाली म्हणून सासरी कुणी टोचून बोललं असेल तर ते पण तिथं मोकळं सांगा, नात्यातल्या ताणावरच काम करणारी वेगळी पद्धत असते.

झोपेचं मात्र घरच्यांनी बघायचं. आम्ही रात्री १० ला पाजून झालं की लेकरू आमच्या आईकडं द्यायचो आणि ३ पर्यंत हिला उठवायचो नाही, मधल्या वेळेला आधी काढलेलं दूध वाटी-चमच्यानं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते दूध बाहेर ठेवू नका, फ्रीजमध्येच ठेवा. फ्रीज नसेल तर हिला फक्त पाजायपुरतं उठवा, लंगोट बदलणं, झोपवणं दुसऱ्यानं करावं.

आधीपासून गोळ्या चालू असतील तर मनानं बंद करू नका, अंगावर पाजताना चालणाऱ्या गोळ्या पण असतात, ते डॉक्टर ठरवतील. आणि रात्र-रात्र झोप नाही तरी थकवा नाही, कानात आवाज येतात, भलता संशय, जीव द्यायचं किंवा लेकराला काही करायचं बोलते, तर हे घरगुती काहीच नको, बाहेरचं झालंय म्हणून देवऋष्याकडं तर मुळीच नेऊ नका, त्याच रात्री दवाखाना आणि तोवर दोघांना एकटं सोडू नका. कुणाला विचारावं कळत नसेल तर टेली-मानस म्हणून मनाच्या त्रासासाठी सरकारी फोन आहे, १४४१६, फुकट आहे, २४ तास, मराठीत बोलतात. बाळंतिणीनंच फोन करायला पाहिजे असं नाही, आमच्याकडं पहिला फोन मीच लावलेला.